काचेची पट्टी

शिट्टी वाजली. घराखालचे सारे जॅक एकाच वेळी पाव फेरा फिरले, आणि भेग वाढली तर कळावे म्हणून दारावरच्या जुन्या भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी टिचली.

"थांबा," कंत्राटदार म्हणाला.

अंगणात शिंपीणबाई शिलाई मशीनला टेकून उभी होती. दर डांबरीकरणाला रस्ता उंचावत गेला होता. घर होते तिथेच राहिले, आणि गटाराचे पाणी उंबरा ओलांडू लागले. म्हणून तिने आता सारे घरच जॅकवर उचलायला काढले होते.

"एवढ्याशा काचेपायी काम अडवता?" तिचा भाऊ म्हणाला. "दुसऱ्याने एव्हाना घर आभाळाला टेकवलं असतं."

"टेकवलं असतं. सावरलं कोणी असतं?"

कंत्राटदार वाकून घराखाली शिरला. बराच वेळ त्याची बॅटरी कोपऱ्याशी घुटमळत राहिली. बाहेर आला तेव्हा मुठीत काळी, ओली माती होती. भावाला टाळून त्याने ती तिच्यासमोर धरली.

"ताई, इथे खाली काय होतं?"

न्हाणीचा शोषखड्डा. वडिलांनीच कधी काळी बुजवलेला. त्याचे नाव काढताच आधीचे दोघे कंत्राटदार पुन्हा फिरकले नव्हते. म्हणून याच्यापाशी तिने अवाक्षर काढले नव्हते. आता हाही सामान आवरेल, आणि घर असे अधांतरी राहील.

"खड्डा होता," ती म्हणाली. "मुद्दामच नाही सांगितलं. तुम्ही गेला असतात."

त्याने मुठीतली माती खाली टाकली.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर चार ओंडके जास्त आणले असते. आता आठ लागतील."

दुपारभर माणसांनी त्या कोपऱ्याला बाजूने टेकू दिले, कडक जमीन लागेपर्यंत खणले, ओंडके आडवे-उभे रचत वर आणले. कंत्राटदाराने भेगेवर नवी काच बसवली, शेजारी पेन्सिलीने तारीख घातली.

"हिच्यावर नजर तुमची," तो तिला म्हणाला. "टिचली, की सांगायचं. लपवायचं नाही."

शिट्टी. पाव फेरा. पुन्हा शिट्टी. तिने पापणी लवू दिली नाही. उन्हे कलली तेव्हा काच अखंड होती, आणि तिच्यात तिरपे, तांबूस आभाळ उतरले होते.

मग रोजच्यासारखे वडिलांना शेजाऱ्यांकडून आणून खिडकीपाशी त्यांच्या खाटेवर बसवले. कित्येक वर्षे त्या खिडकीतून त्यांना फक्त पावले दिसत. माणसे ते चपलांवरून ओळखत. परवा गुडघे दिसले होते, काल सदऱ्यांची बटणे.

रस्त्यावरून कोणी चप्पल घासत चालले होते. त्या ओळखीच्या आवाजाने वडिलांनी कान टवकारले, मान वर केली, आणि पाहतच राहिले.

"निळ्या पट्ट्याची चप्पल ना ही?" ते हळूच म्हणाले. "अगं, किती म्हातारा झालाय हा. हाक मार त्याला."