गाडीची शिट्टी

समरजीतच्या गाडीत टर्बोला हवा नेणारा पाइप चिरला होता, म्हणून ती शिट्टी मारतच जयेंद्रगंजच्या गल्लीत शिरायची. शिट्टी ऐकली की त्याची बायको राजलक्ष्मी फोन ठेवायची, लेक गरिमा टीव्ही बंद करायची. तरीही एखाद्या दिवशी त्याच्या कमरेचा पट्टा निघायचाच.

आज मिस्त्रीने नवा पाइप बसवून क्लॅम्प घट्ट आवळले. "लो भाईसाहब, अब चूँ तक नहीं करेगी."

घरी राजलक्ष्मी पुण्याच्या भावाशी हलक्या आवाजात बोलत होती. "दादा, उद्या सकाळी आम्ही दोघी निघतोय. ह्यांना काही माहीत नाही."



फोन ठेवून ती वळली, तेव्हा समरजीत दाराला आतून कडी लावत होता.