मंगळावरचं औक्षण

मंगळावरच्या वस्तीत विस्तव पेटवायला सक्त मनाई होती. ज्योत प्राणवायू खाते, आणि तिथे प्राणवायू यायचा पृथ्वीवरून, टाक्यांत भरून. त्यामुळे शरयूने लेकीचं दर वाढदिवसाचं औक्षण बॅटरीच्या निरांजनाने उरकलं होतं. ते तिला कायम खोटं खोटं वाटायचं. तिथेच जन्मलेल्या त्या लेकीने, ऋजुताने तर ज्वलन शाळेत नुसतं पाठ केलं होतं.

त्याच ऋजुताची भट्टी आज सुरू झाली. मंगळाची तांबडी माती म्हणजे गंजलेलं लोखंडच. त्या लोखंडाने घट्ट धरून ठेवलेला प्राणवायू तिने विजेच्या जोरावर सोडवला. खाली लोखंड साठलं आणि वर वस्तीभर पुरून उरेल एवढा प्राणवायू निघाला.

"काकू, बंदी उठली," वस्तीप्रमुख दाभाडे म्हणाले. "पहिली ज्योत तुम्हीच लावा."

शरयूने जुन्या सुती साडीच्या चिंधीची वात वळली, तिळाच्या तेलात भिजवली आणि तापलेल्या तारेने पेटवली. सगळी वस्ती टक लावून बघत होती. निरांजन ताम्हनात ठेवून लेकीला ओवाळून झालं, तशी ऋजुता नेहमीच्या सवयीने निरांजनाचं बटण चाचपायला गेली आणि चटका बसून तिने हात झटकला.

"आई, हे गरम आहे!"

"मग? खरं आहे ते," शरयू म्हणाली.

"विझवायचं कसं?" दाभाड्यांनी घाईने विचारलं.

शरयूने ताम्हन आणखी उंच धरलं.

"विझवायचं कशाला? जळू दे खुशाल. माझ्या लेकीच्या हातचा प्राणवायू आहे."