लांबचं स्थळ

नव्या वेगवान गाडीत दत्तोपंतांनी दशम्यांचा डबा उघडला, तोच पुढचं स्टेशन अमरावती असल्याचं जाहीर झालं.

"आलंसुद्धा?" ते चकित झाले. "आत्ताच तर पुणं सोडलं!"

शेजारी बसलेली त्यांची मुलगी वसुधा खिडकीबाहेर बघत होती. नवऱ्याला सोडून माहेरी आल्यापासून ती कमीच बोलायची.

लग्नाआधी आलेलं अमरावतीचं स्थळ तिला मनापासून पसंत होतं. दत्तोपंतांनीच ते मोडलं. एवढ्या लांब मुलगी दिली, तर अडीनडीला धावून कोण जाणार? म्हणून जवळ, सासवडला दिलं.

"तेव्हा ही गाडी असती," ते पुटपुटले, "तर तुला इथंच दिलं असतं गं."

वसुधानं त्यांच्या हातातला डबा घेऊन झाकण लावलं.

"सासवड तर तासावर होतं, बाबा. न्यायला या म्हणून मी किती फोन केले. तुम्ही कुठे आलात?"