टीव्हीचा डबा

सिनेमे बघायला टीव्हीला जोडायचा नवा छोटा डबा निवडायला नवऱ्याने महिनाभर सगळ्या घराचं डोकं खाल्लं होतं. शेवटी मित्राच्या दुकानातून तीन डबे पारखायला आणून त्याने जेवणाच्या टेबलावर मांडले.

"हा बघ, लिनक्सवाला. आपल्याला हवा तसा बदलता येतो. हा दुसरा स्वस्त, पण मोठा सिनेमा लावला की धापा टाकतो. आणि हा तिसरा दिसायला देखणा, पण कंपनी सांगेल तेवढंच करणार."

"म्हणजे माझ्यासारखा," भांडी पुसता पुसता बायको म्हणाली.

"चेष्टा पुरे. तूही बघतेसच ना सिनेमे? तुला काय हवं ते सांग, मग ठरवू."

असं या घरात तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने फडकं खाली ठेवलं. सिनेमा लागला की कुणाला पाणी, कुणाला चहा, सासूबाईंना औषध. ती परत येईपर्यंत सिनेमात कोण मेलं, कोण वाचलं, तिला कधी कळायचंच नाही. विचारलं की सगळे मिळून "श्शू!"

"मी आत गेले की सिनेमा तिथेच थांबेल," ती चाचरत म्हणाली, "आणि आल्यावर तिथूनच पुढे सुरू होईल, असा मिळतो का एखादा?"

नवरा खो खो हसला. "अगं वेडे, त्याला नवा डबा कशाला? ते आपल्या जुन्यातही आहे की! पहिल्या दिवसापासून."

तिने रिमोटकडे पाहिलं. तो नेहमीसारखा त्याच्याच हातात होता.