मोठा मासा

लेक पाच वर्षांची झाली तरी तिला फ्रॉकचं बटण लावता येईना, बोटं थरथरायची. डॉक्टरांनी तपासून वडिलांसमोरच आईला सांगितलं, "गरोदरपणी तुम्ही खाल्लेल्या मोठ्या माशांमधला पारा हिच्या मेंदूपर्यंत गेलाय. झालेलं नुकसान भरून येणार नाही." तिचा नवरा मासेमार, तिला दिवस गेले तेव्हा जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा तो कौतुकानं घरी आणायचा. तिघं घरी परतली, तर सासूबाई गरोदर जावेला तसलाच मासा वाढत होत्या. तिनं जावेच्या ताटातला तो उचलून कचऱ्यात टाकला. "जळतेस तिच्यावर," सासूबाई म्हणाल्या, "तुझं पोर असं निघालं म्हणून." ती नवऱ्याकडे वळली. "डॉक्टर काय म्हणाले, सांगा ना आईंना." उद्याही त्याला तेच मासे विकायचे होते. "काही नाही," तो म्हणाला, "वयाबरोबर सुधारेल म्हणाले." सासूबाईंनी दुसरा तुकडा वाढला. जावेनं घास घेतला.