शाईची चिठ्ठी

तीस वर्षं खेकड्यांच्या अभ्यासात घालवलेले सर कानीकपाळी ओरडून सांगत, “नमुन्याच्या बरणीतल्या चिठ्ठीवर तो सापडल्याचं ठिकाण पेन्सिलीनंच लिहा. स्पिरिटमध्ये शाई विरघळते.” शेवटच्या सफरीत खोल समुद्रातून कुणीच न पाहिलेला खेकडा वर आला आणि आनंदाच्या भरात त्यांनीच बायकोनं दिलेल्या पेनानं चिठ्ठी लिहिली. खेकड्याला तिचंच नाव द्यायचं होतं. “शोभेल! तुमच्या लेखी मी वाकडंच चालते,” ती दवाखान्यातल्या खाटेवरून हसली होती. आज वर्णन लिहायला बरणी उघडली, तर स्पिरिट निळसर, चिठ्ठी कोरी. “जहाजाच्या वहीत असेल ना?” विद्यार्थिनीनं विचारलं. “दिवसभरात नऊ ठिकाणी जाळं टाकलं, बाळ. हा कुठला?” ठिकाणावाचून नवी जात कुणी मानत नाही. बायकोचा फोन आला, “दिलंत का माझं नाव?” सरांनी नव्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं, ‘खेकडा. ठिकाण माहीत नाही.’ “दिलं,” ते म्हणाले.