हक्कसोड

बंटीशेठच्या कॅलेंडरसाठी शुभ्राने उत्रोलीत जाऊन आपल्या वडिलांच्याच भातखाचरांचा फोटो काढून दिला होता. दर ठरला होता तो फक्त कॅलेंडरचा. आता तोच फोटो कामथडीपासून वेल्ह्यापर्यंत प्लॉटिंगच्या फ्लेक्सवर झळकलेला बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोरचा स्टुडिओ बंद करून ती तडक बंटीशेठच्या ऑफिसात शिरली.

"कॅलेंडरपुरता दिला होता फोटो. फ्लेक्सवर टाकायला कुणाला विचारलंत?"

बंटीशेठने दात कोरता कोरता एक कागद पुढे सरकवला. "फोटो काय वापरून झिजतो व्हय, ताई? ह्ये पाच हजार घ्या, आन् समदे हक्क सोडले म्हनून हितं सही ठोका."

त्या कागदावरचे त्याचे ओले बोट बघून तिला शिसारी आली.

"पन्नास हजार दिलेत तरी सही मिळणार नाही. माझ्या हक्काचं आहे ते, फुकट सोडायला मी काय खुळी आहे?"

बंटीशेठ खो खो हसला.



"ती खाचरं तुमच्या भावानं आमालाच इकली, ताई. भाऊबीजेची साडी घेऊन त्याला गुमान हक्कसोडपत्र लिहून दिलंत, आन् आता फोटोसाठी भांडताय व्हय?"